बुडालेली बंदरे आणि आपल्या पायाखालची माती

मागील पावसाळ्यात भूगोलाच्या तासाला एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारिले, "गुरुजी, द्वारकेप्रमाणे आपल्या समुद्राखालीही एखादे सोन्याचे शहर असेल काय?" वर्गात हशा पिकला, परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा खचित नव्हता.

गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी डॉ. एस्. आर्. राव यांच्या मार्गदर्शनाखाली १९८३ पासून द्वारकेजवळ समुद्राचा तळ धुंडाळिला. तेथे घडीव दगड व दगडी नांगर पुष्कळ सापडले. ते किती जुने, याविषयी मात्र विद्वानांत एकमत नाही. दगड आपले वय स्वतः सांगत नाही; शेजारची खापरे, नाणी व लाकूड हीच त्याची साक्षीदार होत.

आता घरची गोष्ट पाहू. आमच्या पालघर जिल्ह्यातच सोपारे, म्हणजे प्राचीन शूर्पारक, हे बंदर होते. ग्रीक खलाशांस ते ठाऊक होते. नाशिकच्या पांडवलेण्यांतील उषवदाताच्या शिलालेखात शूर्पारकाचे नाव आहे, आणि ज्या नद्यांवर त्याने उतारूंसाठी धर्मार्थ नावा ठेविल्या त्यांत 'डाहनुका', म्हणजे आमची डहाणूची नदीही आहे! १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरिला. आत दगडी करंडक, त्यात एकात एक ठेविलेल्या डब्या, सोन्याची फुले व बुद्धाच्या धातुमूर्ती निघाल्या. अशोकाच्या आठव्या आज्ञेचा तुकडाही त्याच साली मिळाला. नवव्या आज्ञेचा तुकडा १९५६ मध्ये भुईगावास सापडला.

हे बंदर समुद्राने गिळिले नाही. खाडी गाळाने भरत गेली, गलबते येईनाशी झाली, आणि बंदर मातीखाली निजले. तेव्हा आमच्या बाळाचे सोन्याचे शहर पाण्याखाली शोधण्यापूर्वी चिखलात शोधावे, असे आमचे मत आहे. चिखल हा वाईट राखणदार नव्हे. त्यात हवा शिरत नाही. म्हणून लाकूडही शतकानुशतके टिकते. चिखलाने राखलेले मनुष्याची कुदळ मात्र क्षणात फोडून टाकिते.

राजा शलमोनास जेथून सोने आले ते ओफीर म्हणजे सोपारेच, असे काही विद्वानांनी सुचविले आहे. आम्हां ख्रिस्ती लोकांस हे किती गोड वाटावे! परंतु पुरावा नसता गोड गोष्ट खरी मानणे हा सत्याचा अपमान होय, मग ती गोष्ट कोणाच्याही धर्मग्रंथाशी निगडित असो.

पालकांस आमची एक विनंती आहे. विहीर, तळे अथवा घराचा पाया खणताना कोरीव दगड, नाणी वा जुनी मडकी निघाल्यास जमीन जाईल या भीतीने ती लपवू नये, अथवा दगड पायात चिणू नये. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्यानेही दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास कलेक्टरांस कळविणे बंधनकारक केले आहे. भीती आम्हांस समजते. परंतु अशोकाचा तो तुकडा कोणी उंबऱ्यास लाविला असता, तर आमच्या जिल्ह्याच्या इतिहासाचे एक पानच फाटले असते.

आणि मुलांनो, वस्तू सापडली तर ती उचलू नका. जागा लक्षात ठेवा, खोली मोजा, वडील माणसांस सांगा. जागेवेगळी झालेली वस्तू मुकी होते. कदाचित तुमच्यापैकीच एखादा उद्या समुद्रात बुडी घेऊन द्वारकेचा प्रश्न सोडवील. त्याचा पहिला धडा मात्र घरच्या परसातच गिरविला पाहिजे.