आधी भाकर, मग पोथी

"दाखव, पवित्र शास्त्रात कुठं लिहिलंय?" माझा एक प्रोटेस्टंट मित्र गेली वीस वर्षे मला हा प्रश्न विचारतो आहे. तो अहमदनगरकडचा, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत वाढलेला. मी वसईचा कॅथलिक. परंपरेचा विषय निघाला, मिस्साचा, म्हणजे आमच्या प्रभुभोजनाच्या उपासनेचा, निघाला, की तो आपले बायबल उघडून माझ्यासमोर ठेवतो. त्याच्या समासातल्या पेन्सिलीच्या खुणा पाहिल्या की मला त्याचा हेवा वाटतो. इतक्या झिजलेल्या प्रती आमच्याकडे फार घरांत सापडायच्या नाहीत. म्हणूनच त्याला नीट उत्तर देणे मी लागतो. माझे उत्तर असे आहे : ज्या ग्रंथावर बोट ठेवून तो विचारतो, तो ग्रंथ एका पंगतीत जन्मला, आणि ती पंगत ग्रंथाच्या आधीची आहे. पंगत बाजूला सारून नुसता ग्रंथ वाचायला बसले की त्यातले सगळ्यांत जवळचे वाक्यच वाचता येईनासे होते.

पूर्वपक्ष मांडावा तो प्रतिपक्षाने मान डोलवावी असा, ही आपल्याकडच्या वादाची जुनी शिस्त. ती पाळायची तर आधी आमच्याच लोकांचा एक गैरसमज खोडला पाहिजे. 'प्रोटेस्टंटांनी परंपरा फेकून दिली' असे आमच्याकडे सर्रास बोलले जाते. ते खरे नाही. ल्यूथर हा ऑगस्टिनच्या नावाने चालणाऱ्या संघातला साधू. कॅल्विनच्या लेखनात प्राचीन धर्मपित्यांचे दाखले पानोपानी येतात. निकीयाचा मतांगीकार दोघांनी ठेवला, तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा दोघांनी ठेवला. त्यांचे म्हणणे एवढेच होते की पोप चुकू शकतात, धर्मसभाही चुकू शकतात आणि चुकल्या आहेत. शास्त्र चुकत नाही. म्हणून तंटा उभा राहिला की शेवटचा निवाडा शास्त्राचा. 1521 साली वर्म्स येथे सम्राट पाचव्या चार्ल्ससमोर ल्यूथर उभा राहिला तो याच एका मुद्द्यावर.

या भूमिकेला आधार नाही असे कोण म्हणेल? माणसांच्या रूढीपायी देवाची आज्ञा रद्द करता, म्हणून येशू परुश्यांना झापतो ते मार्कच्या सातव्या अध्यायात. पौलाचा उपदेश ऐकून बिरुयाचे लोक रोज शास्त्र तपासून पाहत, आणि प्रेषितांची कृत्ये त्याबद्दल त्यांना नावाजतात. शिवाय इतिहास डोळ्यांसमोर होता. कॉन्स्टन्सच्या धर्मसभेने 1415 च्या जुलैत चर्चमध्ये सुधारणा मागणाऱ्या यान हुसला जाळले; त्याच सभेने तीन आठवडे आधी सामान्य भाविकांना प्रभुभोजनातला प्याला देऊ नये असा हुकूम काढला होता. येशूने तो प्याला सर्वांनी प्यावा म्हणून दिला, असे मत्तय लिहितो. हे पाहून ज्याने 'मला मूळ ग्रंथ दाखवा' म्हटले, त्याला मी दोष देणार नाही.

पण मग ग्रंथ उघडल्यावर काय झाले ते पाहावे लागते.

1529 चा ऑक्टोबर महिना. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये स्पायरच्या सभेत काही जर्मन राजेलोकांनी निषेध नोंदवला होता, ज्यावरून 'प्रोटेस्टंट' हे नाव पडले. तिकडे सुलतान सुलेमानची फौज व्हिएन्नाला वेढा घालून बसली होती. हेस प्रांताचा अधिपती फिलिप याला सुधारकांची एकजूट हवी होती, म्हणून त्याने मारबुर्गच्या आपल्या गडावर सगळ्यांना बोलावले. विटेनबर्गहून ल्यूथर आणि मेलांख्टन आले, झुरिकहून झ्विंगली, बाझेलहून ओकोलांपाडिउस. अडवायला तिथे पोप नव्हता, बिशप नव्हता. सगळे मूळ ग्रीक वाचणारे, सगळे शास्त्राला शेवटचा न्यायाधीश मानणारे. 'केवळ शास्त्र' या तत्त्वाला इतकी अनुकूल बैठक पुन्हा जमवता येणार नाही.

ल्यूथरने खडू घेतला आणि शेवटच्या भोजनात येशूने भाकरीविषयी काढलेले उद्गार मेजावर लॅटिनमध्ये लिहून त्यावर मखमलीचे कापड पसरले. भाकरीला येशूने आपले शरीर म्हटले आहे, त्यावर तर्क चालवायचा नाही, ही त्याची भूमिका. झ्विंगली म्हणे, त्या वाक्यातल्या 'आहे' चा अर्थ 'दर्शवते' असा घ्यावा. येशूने स्वतःला द्राक्षवेल म्हटले, दार म्हटले; म्हणून तो काही लाकडाचा होत नाही. योहानाच्या सहाव्या अध्यायात देहाचा उपयोग नाही असे म्हटले आहेच. आणि पित्याच्या उजवीकडे बसलेले शरीर एकाच वेळी हजार वेद्यांवर कसे असेल? वाद तापला तेव्हा ल्यूथरने कापड उचलून खडूची अक्षरे दाखवली. पुढे तो जाऊ शकला नाही. जायला जागा उरली नव्हती, कारण समोरच्यालाही तीच अक्षरे दिसत होती.

शेवटी पंधरा कलमे लिहिली गेली. चौदांवर एकमत झाले. पंधराव्यातही बरेच जुळले, पण ख्रिस्ताचे शरीर भाकरीत खरोखर आहे की नाही, यावर नाही. झ्विंगलीच्या डोळ्यांत पाणी आले. ल्यूथरने त्याला बंधू म्हणून हात दिला नाही.

माझा मित्र इथे म्हणतो, "पंधरापैकी चौदा जुळले, म्हणजे शास्त्र स्पष्टच आहे की. उरला तो दुय्यम मुद्दा." हे उत्तर मला पटत नाही, आणि ते ल्यूथरलाही पटले नसते. त्याने दुय्यम मुद्द्यासाठी हात आखडता घेतला नव्हता. जे कृत्य ख्रिस्ताने आपल्या आठवणीसाठी करायला सांगितले, त्यात तो स्वतः भेटतो की भेटत नाही, हा दुय्यम मुद्दा असेल तर मुख्य मुद्दा कोणता ते मला कळत नाही. मारबुर्गला माणसे कमी पडली नाहीत, विद्वत्ता कमी पडली नाही, प्रामाणिकपणा तर मुळीच नाही. कमी पडले ते तत्त्व.

आता त्या 'आहे'चेच बघा. येशू अरामी बोलत असे, आणि अरामीत असल्या वाक्यात क्रियापद उच्चारावे लागत नाही. आपण नाही का 'हे माझं घर' म्हणतो आणि थांबतो? ज्या शब्दावर मारबुर्गचा गड दुभंगला, तो शब्द येशूच्या तोंडून निघालाच नसण्याचा संभव मोठा आहे. तो ग्रीक लेखणीतून आला. म्हणजे व्याकरणाने हा तंटा मिटायचा नव्हताच. मग विचारायचे ते असे : ज्यांनी तो उद्गार ऐकला आणि ज्यांनी तो त्यांच्याकडून ऐकला, ते पुढे काय करू लागले?

पौलाने करिंथकरांना पहिले पत्र लिहिले ते इसवी सन 55 च्या सुमारास. बहुतेक अभ्यासकांच्या मते तेव्हा चारांपैकी एकही शुभवर्तमान लिहिले गेले नव्हते. त्या पत्राच्या अकराव्या अध्यायात प्रभुभोजनाचा आपल्याला मिळणारा सर्वांत जुना लेखी वृत्तांत आहे. पौल त्या रात्री मेजापाशी नव्हता. मला जे मिळाले तेच मी तुमच्या स्वाधीन केले, अशा अर्थाने तो सुरुवात करतो. घेणे आणि सोपवणे ही परंपरेचीच शब्दजोडी. मित्र म्हणतो की पौल तर ते 'प्रभूपासून' मिळाल्याचे सांगतो. खरे आहे. पण पंधराव्या अध्यायात पुनरुत्थानाच्या साक्षीदारांची यादी देताना तो हीच शब्दजोडी वापरतो, आणि भोजनाचे त्याचे शब्द लूकच्या शब्दांशी विलक्षण जुळतात. ते शब्द मंडळीच्या तोंडी घोटून बसले होते. पोथी लिहिली जाण्याआधी वीस-पंचवीस वर्षे भाकर मोडली जात होती, आणि मोडणाऱ्यांनी ते शब्द जपले म्हणून ते पोथीत आले.

पुढची पिढी काय म्हणते? दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस रोमला नेला जात होता, हिंस्र श्वापदांपुढे टाकला जाण्यासाठी. वाटेत स्मुर्ण्याच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात तो काही लोकांची तक्रार करतो : ही भाकर म्हणजे आपल्या तारणाऱ्याचा देह आहे हे मान्य नसल्याने ते भोजनापासून दूर राहतात. मरणाच्या दारातला माणूस हा मुद्दा दुय्यम समजत नव्हता. त्याच शतकाच्या मध्यात धर्मपिता जस्टिन सम्राट अँटोनायनस पायस याला ख्रिस्ती लोकांच्या रविवारच्या सभेचे वर्णन कळवतो. आधी प्रेषितांच्या आठवणींचे वाचन, मग प्रवचन आणि प्रार्थना, मग भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस. जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी वाटा पोचवला जाई. आमच्या गावच्या चर्चमध्ये गेल्या रविवारी हेच झाले.

इथे मला एक कबुली दिली पाहिजे. परंपरा एका सुरात बोलत आली, असे मी म्हणणार नाही. नवव्या शतकात फ्रान्समधल्या कॉर्बीच्या एकाच मठात राडबर्टस आणि राट्राम्नस या दोन साधूंनी याच विषयावर दोन वेगळी पुस्तके लिहिली. द्रव्य बदलते, गुण तसेच राहतात, ही भाषा तर फार पुढची. तिला धर्मसभेची मोहोर 1215 साली लॅटेरानमध्ये लागली. न्याय-वैशेषिक ज्याने थोडेफार वाचले आहे त्याला द्रव्य आणि गुण यांची फारकत कळायला अवघड नाही, पण ती अ‍ॅरिस्टॉटलची उसनवारी आहे हे मी नाकारत नाही. उसने घेतले ते समजावण्याचे साधन. इग्नेशियसपाशी ते साधन नव्हते; श्रद्धा मात्र तीच होती.

आणि खुद्द पोथीचे काय? नव्या करारात सत्तावीस पुस्तके आहेत, हे नव्या करारात कुठेच लिहिलेले नाही. नेमक्या या सत्तावीस पुस्तकांची आपल्याला ठाऊक असलेली पहिली यादी आहे अलेक्झांड्रियाच्या अथनेशियसच्या 367 सालच्या पत्रात. ल्यूथरने 1522 च्या आपल्या जर्मन नव्या करारात इब्री, याकोब, यहूदा आणि प्रकटीकरण ही चार पुस्तके क्रमांक न देता शेवटी ढकलली. तरी ती आज माझ्या मित्राच्या बायबलात आहेत. कोणाच्या अधिकाराने? पुस्तके कोणती, याचे उत्तर देताना तो मंडळीच्या स्मृतीवर विसंबतो आणि त्यांचा अर्थ काय, म्हटले की तीच स्मृती नाकारतो. हा प्रश्न मी त्याला अनेकदा विचारला आहे.

आमचा दुसरा जुना तंटा, माणूस केवळ विश्वासाने नीतिमान ठरतो का, त्यावर मी फार थांबणार नाही, कारण तिथे खंडन करण्यासारखे फारसे उरलेले नाही. रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात ल्यूथरने 'केवळ' हा शब्द पदरचा घातला, आणि याकोबाच्या पत्रात तोच शब्द नकारासह येतो, हे आमचे ठेवणीतले शस्त्र. पण ट्रेंटच्या सभेने 1547 मध्ये नीतिमान ठरण्याविषयी जे ठराव केले, त्यांतला पहिलाच ठराव ख्रिस्ताच्या कृपेवाचून स्वतःच्या कर्मांनी माणूस नीतिमान ठरतो असे म्हणणाऱ्याला धिक्कारतो. आमच्यातले किती जण हे जाणतात? ल्यूथर 'विश्वास' म्हणे तेव्हा त्याला देवावर टाकलेला सगळा भार अभिप्रेत असे. आमचे पंडित त्या शब्दाने बुद्धीची संमती समजत आणि तिला प्रेमाची जोड मागत. 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्गमध्ये लूथरन महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी या विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. कृपा फुकट आहे, या मुख्य गोष्टीत ल्यूथर बरोबर होता. हे मी कॅथलिक म्हणून लिहितो आहे.

उरतो मित्राचा सर्वांत जोरदार आक्षेप : परंपरेच्या नावाखाली वाटेल ते खपते, मग लगाम कुठला? प्याल्याचेच उदाहरण घेऊ. सामान्य भाविकांचा प्याला काढून घेतला तो परंपरेने नव्हे. पश्चिमेच्या चर्चमध्येही पहिली हजार-अकराशे वर्षे भाविक तो पीत होते. कॉन्स्टन्सने मागच्या दोन-तीन शतकांत पडलेल्या रिवाजाला कायदा करून टाकले. आमच्या चुकीविरुद्ध शास्त्राने साक्ष दिली तशी जुन्या परंपरेनेही दिली, आणि 1963 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन सभेने प्याल्याची वाट पुन्हा उघडली ती दोन्ही साक्षी ऐकून. मी ज्या परंपरेची बाजू घेतो ती अशी साक्ष देणारी आहे. दंडमाफीची पत्रे विकणारी ती नव्हे; त्या विक्रीला पहिल्या शतकांत एकही साक्षीदार मिळत नाही.

मात्र पंगतीने पोथी बाजूला ठेवली की काय होते, ते आम्हा मराठी कॅथलिकांइतके कोणी भोगले नसेल. फादर स्टीफन्सचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण 1616 साली गोव्यात राशोलला छापले गेले. त्यात मराठीचे कौतुक करणारा तो माणूस आमचा होता. पण पुढची जवळजवळ दोनशे वर्षे आम्ही शुभवर्तमानही मराठीत आणले नाही. ते आणले प्रोटेस्टंटांनी : आधी श्रीरामपूरच्या मिशनरींनी, मग मुंबईत 1813 साली आलेल्या अमेरिकनांनी. पंडिता रमाबाई केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून अखेरपर्यंत बायबलच्या भाषांतरावर राबल्या. आमच्या फादर दिब्रिटोंचे 'सुबोध बायबल' या सगळ्यानंतरचे. चर्चची शिकवण देवाच्या वचनाच्या वर नाही, ती त्याची सेवक आहे, असे 1965 साली व्हॅटिकन सभेने लिहून ठेवले. माझ्या मित्राच्या आजोबांना ते कोणी लिहून द्यावे लागले नव्हते.

गेल्या वर्षी तो माझ्याबरोबर मिस्साला आला. भाकर घ्यायला सगळे उठले, तो बाकावर बसून राहिला. बाहेर आल्यावर म्हणाला, "पंगत आधी म्हणतोस ना? मग मला पान का नाही मांडलंस?" मी त्याला सांगितले की धर्मगुरू 'ख्रिस्ताचे शरीर' म्हणून भाकर पुढे करतात तेव्हा 'आमेन' म्हणावे लागते, आणि जे तुला खरे वाटत नाही त्यावर तुझ्याकडून मी आमेन वदवून घेणार नाही. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ल्यूथरनं हात दिला नाही तो यासाठीच ना?" मी हो म्हटले. पुढच्या महिन्यात मी त्याच्या मंडळीत गेलो. पाळकांनी प्रभुभोजनाचे ताट फिरवले तेव्हा ते माझ्यापाशी आले, आणि मी ते तसेच शेजारच्याकडे सरकवले.