ताट एक, पथ्यं तीन

जासईला माझ्या आत्याच्या घरी फ्रिजच्या दारावर तीन कागद चिकटवलेले होते. पहिला मधुमेहाच्या डॉक्टरांचा: भात बंद, भाकरी नाचणीची, डाळी-कडधान्यं आणि पालेभाज्या भरपूर. दुसरा किडनीच्या डॉक्टरांचा: डाळ मोजून, पालेभाज्या, टोमॅटो, शहाळं टाळा, नाचणी नको, भात चालेल. तिसरा युरिक अ‍ॅसिड वाढून पायाचा अंगठा सुजला तेव्हाचा: मासे, सुकट, मटण, कडधान्यं बंद. तिन्ही कागद एकावर एक ठेवले की खायला उरत होतं दुधी, पडवळ आणि बिनसाखरेचा चहा.

आत्याने हे सगळं मनापासून पाळलं. चार महिन्यांत तिचं वजन सात किलोंनी उतरलं. हात वर केला की बांगड्या कोपरापर्यंत घसरायच्या. सून ताट वाढून बाजूला उभी राहायची आणि दोघी त्या ताटाकडे बघत बसायच्या. एका दुपारी मी तिथेच होतो. आत्या म्हणाली, "मंग मी खाव तं काय, बाला?"

हा प्रश्न आज गावोगावच्या स्वयंपाकघरात विचारला जातोय. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली आले. देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आणि शंभरातल्या पस्तीसहून अधिक प्रौढांना उच्च रक्तदाब, असं त्या पाहणीतून दिसलं. हे दोन आजार किडनी निकामी होण्याची सगळ्यात मोठी कारणं आहेत. किडनी थकली की युरिक अ‍ॅसिड बाहेर टाकणं कमी होतं, त्यात लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या ते आणखी चढवतात. म्हणजे आत्याचे तीन आजार योगायोगाने एकत्र आलेले नव्हते. एकाने दुसऱ्याला बोलावून आणलं होतं. डॉक्टर मात्र तीन, दवाखाने तीन आणि कागदही तीन.

आत्याचं गाव जासई महाराष्ट्राला ठाऊक आहे ते सरकारने संपादित केलेल्या जमिनीच्या लढ्यासाठी. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील याच गावचे. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला इथल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण गेले, त्या हौतात्म्याची आठवण गाव अजून दरवर्षी जागवतं. लढ्यातून जमिनीचा मोबदला वाढला, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड पदरात पडले, पण भातशेती आणि मिठागरं आटत गेली. त्या जमिनीबरोबर काय काय गेलं याचा हिशेब मांडताना ताट सहसा कोणी धरत नाही. चिखलणीला किंवा मिठागरावर दिवसभर राबणारा माणूस तीन भाकऱ्या आणि वर भात खायचा, तो जिरायचा. आता त्याचा मुलगा बंदराच्या गेटवर पाळी करतो किंवा कंटेनरच्या केबिनमध्ये बारा तास बसतो. भाकरी आणि भात तेवढाच राहिला, वर वेफर, फरसाण आणि थंड पेयाची बाटली आली. म्हणून इथल्या माणसाला "तुम्ही चुकीचं खाता" असं सुनावणं मला अन्यायाचं वाटतं. खाणं बरंचसं आजोबांचंच आहे, अंगमेहनत गेली आहे.

तर आत्याचा प्रश्न. तिला उत्तर मिळालं ते एका आहारतज्ज्ञ बाईंकडून. त्यांनी तिन्ही कागद बाजूला ठेवले आणि आधी रक्ताचे ताजे रिपोर्ट मागितले. माझ्या दृष्टीने साऱ्या गोष्टीचं मर्म इथे आहे. पथ्य ठरवताना आजाराचं नाव पुरत नाही. आज रक्तात काय किती आहे, किडनी किती चालते आणि गोळ्या कोणत्या सुरू आहेत, यावर ते ठरतं.

पोटॅशियमचंच बघा. किडनीचा आजार म्हटला की लोक पालेभाजी, केळं, टोमॅटो, शहाळं घरातून हद्दपार करतात. भीती खोटी नाही. पेलाभर शहाळ्याच्या पाण्यात ४०० ते ६०० मिलीग्रॅम पोटॅशियम असतं, आणि रक्तातलं पोटॅशियम सहाच्या पुढे गेलं तर हृदयाचे ठोके बिघडून माणूस जाऊ शकतो. पण आत्याचं पोटॅशियम होतं ४.६. साडेतीन ते पाच ही सर्वसाधारण पातळी. तिची किडनी अधू झाली होती, तरी पोटॅशियम बाहेर टाकण्याचं काम अजून नीट करत होती. चार महिने तिने माठ आणि मेथी सोडली ती विनाकारण. भाजी गेली तशी पोट साफ होईना, साखरही हलेना. पोटॅशियम खरंच वाढलेलं असतं तरी उपाय होताच: भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडायची, ते पाणी ओतून द्यायचं आणि मग फोडणी. पोटॅशियम पाण्यात उतरतं. आपल्याकडे वालाचं बिरडं करताना वाल रात्रभर भिजवतात, पाणी टाकतात, मोड आणतात, कोमट पाण्यात सोलतात. यातही थोडं पोटॅशियम निघून जातं.

नाचणी की तांदूळ, हा दुसरा तंटा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांत शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ४४० मिलीग्रॅम पोटॅशियम दिलंय, पांढऱ्या तांदळात सुमारे ११०. फॉस्फरसही नाचणीत दुपटीहून जास्त. म्हणून किडनीचा कागद तिला नको म्हणतो. पण धान्याच्या आणि डाळीच्या फॉस्फरसातला निम्माही भाग शरीरात शोषला जात नाही. पाकिटातल्या चीजमध्ये, कोलामध्ये, डबाबंद मांसात जो फॉस्फेट वरून घातलेला असतो, तो जवळपास सगळाच रक्तात जातो. नाचणीवर बंदी आणि पाहुण्यांसाठी आणलेला कोला ग्लासभर चालेल, असा उलटा न्याय अनेक घरांत चालतो. आत्याचा निकाल साधा लागला. दुपारी तांदळाची भाकरी, पण एकच आणि पातळ, सोबत भाजी दुप्पट. भाकरी खाल्ली की भात नाही. रात्री भात, तोही वाटीने मोजून. नाचणी आठवड्यातून दोनदा. आगरी घरात भाकरीनंतर भात आलाच नाही तर जेवण झाल्यासारखं वाटत नाही, हे त्या बाईंना समजावून सांगावं लागलं नाही. त्या पेणच्या होत्या.

प्रथिनांबद्दलचा गोंधळ सगळ्यात घातक, म्हणून त्यावर थोडं थांबतो. किडनी अधू असली तरी प्रथिनं बंद करायची नसतात, मापात घ्यायची असतात. किडनीतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या, केडिगोच्या, २०२४ च्या मार्गदर्शनानुसार मध्यम किंवा पुढच्या टप्प्यातल्या रुग्णाने रोज दर किलो वजनामागे ०.८ ग्रॅम प्रथिनं घ्यावीत. आत्याचं वजन ५५ किलो धरलं तर ४४ ग्रॅम. हे ताटात असं दिसतं: तळहाताएवढा ताज्या माशाचा तुकडा, वाटीभर डाळ, एक अंडं, अर्धी वाटी दही, बाकीचं भाकरी आणि भातातून. हे उपाशी माणसाचं ताट नव्हे. उद्या डायलिसिस करायची वेळ आली, तर हाच हिशेब उलटतो. डायलिसिसमध्ये प्रथिनांचा काही अंश निघून जातो, म्हणून गरज वाढते आणि दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅमपर्यंत जाते. कितीतरी रुग्ण डायलिसिस सुरू झाल्यावरही जुनाच कागद पाळत राहतात, कारण तो बदलायचा असतो हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. हात-पाय काडीसारखे होतात आणि घरचे म्हणतात, आजार वाढला.

तिसऱ्या कागदातली कडधान्यांवरची बंदी तर खोडूनच टाकावी अशी. २००४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये सत्तेचाळीस हजार पुरुषांचा बारा वर्षांचा अभ्यास आला. मांस आणि सागरी अन्न जास्त खाणाऱ्यांत गाउटचं, म्हणजे युरिक अ‍ॅसिडमुळे सांधे सुजण्याचं, प्रमाण जास्त दिसलं, ज्यापासून युरिक अ‍ॅसिड बनतं ते प्युरिन असलेल्या भाज्या खाणाऱ्यांत ते वाढलेलं दिसलं नाही, आणि दूधदुभतं घेणाऱ्यांत कमी दिसलं. वाल, मूग, पालक यांना दोष देत बसण्यापेक्षा कलेजी, तारली, जवळ्याची भरली वाटी आणि हळदीच्या रात्रीची बिअर यांच्याकडे बघायला हवं. आत्या बिअर घेत नाही. तिच्यासाठी जवळा महिन्यातून दोनदा, चवीपुरता, असं ठरलं. माशाचा तुकडा राहिला, आणि त्या दिवशी ती घरी येऊन पोटभर जेवली.

तिन्ही कागदांत भांडण नसलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे मीठ. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. घरात पाच माणसं असतील तर दिवसाला २५ ग्रॅम, म्हणजे मिठाची किलोभराची पिशवी ४० दिवस पुरली पाहिजे. आत्याच्या घरी ती २२ दिवसांत संपत होती, आणि त्यात पापडातलं मीठ व पापडखार, लोणचं, फरसाण धरलेलंच नव्हतं. पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहायची, एवढीच युक्ती. आज त्या घरात पिशवी ३६ दिवस चालते. रक्तदाबाची एक गोळी कमी झाली ती याच काळात, डॉक्टरांनी तपासून केली.

इथे मी स्वतः एक चूक केली, ती सांगतो. मिठाचं इतकं ऐकल्यावर मीच हौसेने आत्यासाठी कमी सोडियमचं मीठ आणून दिलं. त्यात सोडियमच्या जागी काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतं. निरोगी माणसाला ते बरं. पण आत्याची किडनी अधू, आणि तिला सुरू असलेली रक्तदाबाची टेल्मिसार्टन ही गोळी पोटॅशियम शरीरात धरून ठेवणारी. महिन्याभराने तिचं पोटॅशियम ५.८ निघालं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो, "मीठ बदललंत का?" जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये अशा मिठाची शिफारस केली, तीही किडनीच्या रुग्णांना वगळूनच. पाकिटावरची बारीक अक्षरं मी वाचायला हवी होती. पिशवी त्याच दिवशी काढून टाकली, पुढच्या तपासणीत आकडा पाचाच्या आत आला.

अशीच एक गोष्ट साखर अचानक उतरण्याची. किडनी थकली की इन्शुलिन आणि काही गोळ्या शरीरात जास्त वेळ टिकतात, त्यामुळे साखर पूर्वीच्याच डोसवर खाली जाऊ शकते. दरदरून घाम आला, हात थरथरले की घरचे संत्र्याचा रस शोधतात. पोटॅशियम वाढलेलं असेल तर रसापेक्षा तीन चमचे साखर पाण्यात किंवा ग्लुकोज बरं. आत्याच्या उशाशी आता ग्लुकोजची पुडी असते. त्या क्षणी मधुमेहाचं पथ्य आठवायचं नसतं.

यावरून पथ्यांचा क्रम कसा लावायचा ते कळतं. तासाभरात जीव घेईल ते आधी: उतरलेली साखर, चढलेलं पोटॅशियम. मग महिन्यांत त्रास देणारं: मीठ, अंगावरचं पाणी, घटणारं वजन. वर्षानुवर्षांचं त्यानंतर. हा क्रम लावायचं काम आज कोणाचंच नाही, ते सुनेवर पडलेलं आहे. शासकीय योजनांतून डायलिसिस मोफत होतं, आणि ते फार मोठं काम आहे. पण माणूस डायलिसिसपर्यंत उशिरा पोचावा म्हणून त्याला अर्धा तास समोर बसवून ताट समजावणारा आहारतज्ज्ञ तालुक्याच्या रुग्णालयात सहज भेटला पाहिजे. उपकेंद्रांची आयुष्मान आरोग्य मंदिरं झाली, तिथे तिशीपुढच्या सगळ्यांचा रक्तदाब आणि साखर तपासायची आहे. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला ई-संजीवनी या दूरवैद्यक सेवेवरून आहारतज्ज्ञ जोडून दिला, तर तीन कागदांचा एक कागद गावातच होईल. त्या कागदावर तारीख हवी, त्या दिवशीचं पोटॅशियम, किडनीचा आकडा आणि वजन हवं, आणि पुढच्या रिपोर्टनंतर तो बदलेल हे ठळक लिहिलेलं हवं. त्यात ओट्स आणि ब्रोकोली नसली तरी चालेल. सुकट, वाल, करंदी, भाकरी असायलाच हवी.

ऋतूही त्यात हवा. जानेवारीत लिहिलेलं पथ्य जुलैत कोलमडतं, कारण १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, ताजी मासळी महाग, आणि घराघरांत आगोट भरलेली: सुके बोंबील, सोडे, वाकट्या, आंबोशी. यंदा मे महिन्यात आत्याने फोन केला तो हेच विचारायला. आगोटीत काय भरू? बाईंनी सांगितलं, बिनमिठाचे, वलांडीवर वाळलेले बोंबील घ्या, खारवलेली मासळी नको. शिजवण्याआधी गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाका, आणि कालवणात मीठ निम्मं. आत्याने दुसऱ्या दिवशी करंजा बंदरातून बोंबील मागवले. निवडायला बसली तेव्हा एक तुकडा जिभेवर ठेवून मीठ लागतंय का ते पाहिलं, आणि अर्धी जुडी परत पाठवली.