साबणातील सुगंधी तेले : घाऊक खरेदी एकत्रितच व्हावी

गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी अनेक वैद्यांच्या औषधशाळेत अभ्यंगतेले व उटणे यांच्या जोडीला साबणाच्या वड्याही तयार होऊ लागल्या आहेत. खोबरेल, एरंडेल व कॉस्टिक सोडा यांपासून थंड पद्धतीने केलेला, मंजिष्ठा, सारिवा, उशीर अशा वर्ण्य द्रव्यांची जोड दिलेला हा साबण रुग्ण आवडीने नेतात. (विक्रीसाठी तो करावयाचा तर परवाना हवा, हे वैद्यबंधूंना नव्याने सांगावयास नको.) त्यातील खोबरेल कोणत्या घाण्याचे, मंजिष्ठा कोठून आली, याची आपण बारकाईने चौकशी करतो. सुगंधी तेलाबाबत मात्र बाटलीवरील नावावरच भिस्त ठेवतो. आमच्या मते या साबणाची सर्वांत दुबळी बाजू हीच आहे, आणि ती एकट्यादुकट्या वैद्याला सावरता येण्यासारखी नाही.

मुळात नावाचाच घोळ आहे. आपल्या शास्त्रात तेल म्हणजे स्नेह. बाजारात ज्याला वाळ्याचे किंवा चंदनाचे तेल म्हणतात ते ऊर्ध्वपातनाने वेगळे केलेले उडनशील द्रव्य होय; ते अभ्यंगाचे तेल नव्हे. याच सैल नावाच्या आडोशाने तिसरा पदार्थही विकला जातो, तो म्हणजे कारखान्यात जुळविलेला कृत्रिम सुगंध. दुकानाच्या फळीवर तिघेही शेजारी शेजारी उभे असतात.

एक किलो गुलाबतेल उतरविण्यास साधारणतः साडेतीन ते चार हजार किलो फुले लागतात. हे गणित ज्याला ठाऊक आहे, त्याने काहीशे रुपयांत मिळणाऱ्या शंभर मिलिलिटर ‘शुद्ध गुलाबतेला’चा अहवाल मागविण्याचेही कारण नाही. चंदनाची गोष्ट अधिक नाजूक. आयएसओ ३५१८ या मानकानुसार श्वेतचंदनाच्या तेलात सिस-अल्फा-सँटॅलॉल ४१ ते ५५ टक्के व सिस-बीटा-सँटॅलॉल १६ ते २४ टक्के असावयास हवे. केवळ वासावरून हे कोणाही नाकाला सांगता येणार नाही. कनौजची अत्तरे पूर्वी चंदनतेलाच्या आधारावर उतरवीत. चंदन महागल्यावर अनेक ठिकाणी त्याची जागा लिक्विड पॅराफिनसारख्या आधारांनी घेतली. ‘अत्तर म्हणजे चंदन आलेच’ हा आपला समज त्यामुळे जुना झाला आहे.

टिपकागदावर थेंब टाकून पाहण्याची परीक्षा पुष्कळांना माहीत आहे. डाग राहिला तर स्थिर तेलाची भेसळ, उडाला तर शुद्ध, असे मानले जाते. परंतु वाळा व चंदन ही जड तेले शुद्ध असूनही कागदावर दीर्घकाळ रेंगाळतात. उलट सफाईने मिसळलेला कृत्रिम घटक डाग न ठेवता उडून जातो. ज्या तेलांत फसवणुकीला सर्वाधिक वाव, त्यांतच ही परीक्षा लंगडी पडते.

आमचे म्हणणे असे की गुलाब व चंदन यांचा हव्यास आपण साबणापुरता सोडावा. आपल्या दाराशीच रोशा आहे. निघंटूंत रोहिष, कत्तृण या नावांनी आलेले हे गवत खानदेश, निमाड, सातपुड्याच्या उतारांवर वाढते. पावसाळ्यानंतर ते फुलोऱ्यास आले की कापून भट्टीत त्याचे तेल काढण्याचा उद्योग या भागात जुना आहे. एके काळी हे तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानास जाई व तेथे गुलाबतेलात मिसळले जाई. युरोपीय व्यापारी म्हणूनच त्यास ‘तुर्की जिरेनियम’ म्हणत. म्हणजे जगाला गुलाब म्हणून विकले गेलेले आपले गवत आपणच गुलाबाच्या खोट्या नावाने परत विकत घ्यावे, असा हा प्रकार! उत्तम रोशा तेलात जिरेनिऑल बहुधा ७५ टक्क्यांहून अधिक असते, साबणाच्या क्षारातही त्याचा गंध चांगला टिकतो आणि गुलाबतेलाच्या तुलनेत किंमत अगदीच अल्प. त्यास वाळा व गवती चहा यांची जोड दिली की साबणाला दुसऱ्या कशाची वाण राहत नाही.

‘साबण अंगावर दोन मिनिटे राहणार आणि पाण्याबरोबर वाहून जाणार, एवढी चिकित्सा कशाला?’ असे आमचे काही स्नेही म्हणतात. आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. धुऊन टाकावयाच्या वस्तूत गंधद्रव्याचा औषधी गुण फार मानू नये, हे आम्हीही म्हणतो. पण अपाय व्हावयास दोन मिनिटे रोज पुरतात. हवा लागून जुनी झालेली लिंबू-संत्र्याची तेले संवेदनशील त्वचेस अॅलर्जी उत्पन्न करू शकतात. विचर्चिकेचा रुग्ण आपला साबण वापरून खाज वाढल्याची तक्रार घेऊन येतो तेव्हा ‘यात नेमके काय होते?’ या प्रश्नाचे उत्तर आपल्यापाशी असावयास हवे. वेष्टनावर वैद्याचे नाव आहे, दुकानदाराचे नव्हे.

आता खरेदीचे. एक किलो स्नेहास वीस ते तीस ग्रॅम सुगंधी तेल पुरते. महिन्याला पंधरा किलो स्नेहाचा साबण करणाऱ्या वैद्यास सर्व सुगंधी तेले मिळून वर्षाला चार-पाच किलो लागतात. एवढ्याशा मागणीस भट्टीवाला उभा करीत नाही. मग किरकोळ बाटल्या भरणाऱ्याकडे जावे लागते आणि तेथे तेलाचा मूळ घाणा व वर्ष दोन्ही हरवते. आमच्याकडे एका विक्रेत्याने दोन वेगवेगळ्या डब्यांबरोबर आकड्यांसकट एकच अहवाल धाडला होता. बदलला होता तो फक्त बॅच क्रमांक.

दहा-बारा वैद्यांनी एकत्र येऊन संघटनेमार्फत मागणी नोंदविली तर थेट भट्टीवरून एकाच बॅचचे सीलबंद डबे घेता येतील. त्याच डब्यातील नमुना आपण स्वतः काढून गॅस क्रोमॅटोग्राफीसाठी पाठवावा. कनौज येथे १९९१ पासून कार्यरत असलेल्या सुगंध व सुरस विकास केंद्रासारख्या संस्थेत ही तपासणी होते. विक्रेत्याचा अहवाल त्याच्याशी ताडावा, तपासणीचा खर्च सर्वांनी वाटून घ्यावा आणि नमुन्याची एक कुपी वर्षभर जपून ठेवावी. वाटप गर्द रंगाच्या काचेच्या बाटल्यांत, गळ्यापर्यंत भरून करावे. घाऊक भाव मिळतो म्हणून लिंबू-संत्र्याच्या तेलांचा साठा करू नये. ती सहा महिन्यांपुरतीच घ्यावीत. वाळ्याच्या तेलास ही घाई नाही, ते जुने झाल्याने अधिक गोड होते.

रोशाची कापणी पावसाळा सरल्यावर होते. सभासदांनी आपापली वार्षिक गरज ग्रॅममध्ये लिहून भाद्रपद संपण्यापूर्वी कार्यवाहांकडे दिल्यास, नव्या हंगामातील पहिल्याच तेलाची बोलणी करता येतील.