डॉल्फिनच्या शोवर भारतात बंदी, मग राणीच्या बागेत पेंग्विन कसे चालतात?

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की परभणी, जिंतूर, गंगाखेडच्या लोकांच्या स्टेटसवर दोन प्रकारचे व्हिडिओ हमखास दिसतात. एक मुंबईचा. भायखळ्याच्या राणीच्या बागेत काचेपलीकडं पोहणारे पेंग्विन आणि काचेला नाक लावून उभी असलेली पोरं. दुसरा दुबई किंवा बँकॉकच्या टूरचा. चेंडू उडवणारे, ट्रेनरच्या हातातला मासा खाणारे डॉल्फिन. खाली कमेंट ठरलेली: 'आपल्याकडं असं कधी होणार?'

डॉल्फिनचं तरी होणार नाही. 2013 च्या मे महिन्यात केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणानं सगळ्या राज्यांना परिपत्रक पाठवून सांगितलं की, डॉल्फिनेरियम उभारण्याच्या प्रस्तावांना परवानगी देऊ नका. त्या काळात केरळ, नोएडा आणि आपल्या महाराष्ट्रातही अशा पार्कची चर्चा चालू होती. हा निर्णय होण्यामागं एक जुना अनुभवही होता. 1998 च्या सुमारास चेन्नईजवळच्या 'डॉल्फिन सिटी'साठी बल्गेरियातून डॉल्फिन आणले होते. ते काही महिन्यांतच मेले.

इथं एक फॉरवर्ड दुरुस्त करायला हवा. 'भारतानं डॉल्फिनला माणसाचा दर्जा दिला' असं दरवर्षी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर फिरतं. तसं झालेलं नाही. परिपत्रकात एवढंच म्हटलंय की डॉल्फिन अतिशय बुद्धिमान आणि संवेदनशील आहेत, त्यांच्याकडं 'मानवेतर व्यक्ती' म्हणून बघावं असं काही शास्त्रज्ञांनी सुचवलंय, आणि करमणुकीसाठी त्यांना कोंडणं नैतिकदृष्ट्या पटणारं नाही. शास्त्रज्ञांच्या मताचा दाखला दिला म्हणजे कायद्यानं दर्जा दिला असं होत नाही. बंदी मात्र खरी आहे.

डॉल्फिनला टाकीत नेमकं काय होतं? समुद्रात तो दिवसभरात कित्येक किलोमीटर फिरतो, कळपात राहतो आणि आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून आजूबाजूचं जग ओळखतो. टाकीत चारी बाजूंना भिंत. ट्रेनर मासा देतो तो बक्षीस म्हणून, म्हणजे उडी मारली की घास. आणि व्हिडिओत तो हसताना दिसतो ना, ते हसू नसतंच. त्याच्या जबड्याची ठेवणच तशी असते. आजारी असला तरी तोंड तसंच दिसणार. आपण बघणारे नेमके तिथंच फसतो.

आता पेंग्विन. 2016 च्या जुलैमध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन मुंबईत आले. ऑक्टोबरमध्येच त्यातली एक मादी जिवाणूंच्या संसर्गानं मेली. राजकारण तापलं, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. 2017 च्या मार्चमध्ये कक्ष लोकांसाठी उघडला. त्याच वर्षी बागेचं तिकीट 5 रुपयांवरून 50 रुपये झालं. आई-वडील आणि दोन मुलं अशा कुटुंबाला 100. 15 ऑगस्ट 2018 ला इथं पहिलं पिल्लू जन्मलं, मोठ्या बातम्या झाल्या, पण ते आठवडाभरच जगलं. पुढं मात्र पिल्लं वाचू लागली आणि मूळच्या सातांची संख्या दुपटीच्या वर गेली.

मग हे कसं चालतं? कायद्याच्या बाजूनं उत्तर सोपं आहे. 2013 चं धोरण डॉल्फिनेरियमपुरतं आहे, आणि पेंग्विन प्राणीसंग्रहालयाच्या नेहमीच्या नियमांखाली ठेवता येतात. 'बर्फातला प्राणी मुंबईच्या उकाड्यात' ही ओरडही अर्धीच बरोबर आहे. हम्बोल्ट पेंग्विन अंटार्क्टिकाचा नाही, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचा आहे. त्याला बर्फ लागत नाही. पण मुंबईची हवा त्याला सोसणारी नाही, म्हणून वातानुकूलित कक्ष, थंड केलेलं पाणी आणि हे सगळं चोवीस तास चालू ठेवण्याचा खर्च.

खरा फरक मला वेगळा वाटतो. राणीच्या बागेत पेंग्विनला खेळ करावा लागत नाही. तो पाण्यात उतरला तर दिसतो, पाठ करून उभा राहिला तर पाठच दिसते. एवढ्यानं त्याचा बंदिवास योग्य ठरतो असं नाही. जी जात तिच्या मूळ किनाऱ्यावर धोक्यात आहे, ती सात समुद्रापार सांभाळून तिथल्या किनाऱ्याला काय उपयोग झाला, हा प्रश्न महापालिकेला विचारायलाच हवा. पण त्याला आणि डॉल्फिन शोला एकाच तराजूत घालणं बरोबर नाही.

जगभरातही वारं बदलतंय. 2010 मध्ये अमेरिकेतल्या ऑरलँडोच्या सीवर्ल्डमध्ये तिलिकम नावाच्या ऑर्कानं आपल्याच ट्रेनरचा जीव घेतला. 2013 च्या 'ब्लॅकफिश' माहितीपटानं ते घराघरांत पोचवलं आणि 2016 मध्ये कंपनीनं ऑर्कांचं प्रजनन थांबवत असल्याचं जाहीर केलं. 2023 मध्ये अबुधाबीत त्यांचं नवं पार्क उघडलं, त्यात ऑर्का नाहीत. डॉल्फिन मात्र आहेत. तुमच्या दुबई पॅकेजमध्ये 'मरीन पार्क' लिहिलेलं असेल तर पैसे भरण्याआधी टूरवाल्याला विचारा, त्यात काय काय आहे. मत्स्यालय बघणं वेगळं. डॉल्फिनसोबत पोहणं किंवा त्याच्या पापीचा फोटो घेणं वेगळं. तो भाग बहुतेक ठिकाणी जादा पैशांचा असतो, म्हणजे नको म्हणता येतो.

आपल्या सिंधुदुर्गातही 'सी वर्ल्ड'चं स्वप्न दाखवून झालंय. मालवण तालुक्यात तोंडवळी-वायंगणीला 1390 एकर जागा घेण्याचं घाटत होतं. गावकऱ्यांनी विरोध केला, मग 350 एकरांची भाषा सुरू झाली, तरी प्रकल्प उभा राहिला नाही. गावकऱ्यांचा मुद्दा डॉल्फिनपेक्षा जमिनीचा आणि पोटापाण्याचा होता, हे विसरू नये.

गंमत म्हणजे त्याच मालवणच्या समुद्रात डॉल्फिन आहेतच. तारकर्ली, देवबागहून सकाळी बोटी सुटतात, तिकडं दापोली-हर्णैकडंही सुटतात. परभणीहून समुद्र चारशे किलोमीटरच्या पुढं, म्हणजे प्रवास लांबचा. पण दुबईपेक्षा जवळचाच आणि पासपोर्टही लागत नाही. तिथं डॉल्फिन दिसेलच याची हमी कुणी देऊ शकत नाही. आणि नेमकी त्या हमीपायीच गडबड होते. पर्यटक 'जवळ घ्या, जवळ घ्या' म्हणतात आणि चार-पाच बोटी एका कळपामागं लागतात. नाववाल्या दादांना आधीच सांगून ठेवा की लांबूनच बघू, इंजिन हळू ठेवा, पाठलाग नको. गिऱ्हाइकच असं म्हणालं तर ते ऐकतात. पावसाळ्यात या बोटी बंद असतात, त्यामुळं बेत दिवाळीनंतरचा ठेवा.

आणि मुंबईलाच जाणार असाल, रात्रीच्या देवगिरीनं, तर एक लक्षात असू द्या: राणीची बाग बुधवारी बंद असते.