चुलीसकट बिऱ्हाड

‘कर्णधार’ हा शब्द क्रिकेटवाल्यांनी पळवला खरा, पण तो मूळचा नावेवरचा. कर्ण म्हणजे सुकाणू. ते धरणारा तो कर्णधार. त्याच अर्थाचा ग्रीक शब्द २०१४ साली गूगलने आपल्या एका प्रणालीला दिला: कुबरनेटीस. अनेक संगणकांवरची कामे कोठे ठेवायची, एखादा संगणक बंद पडला तर त्याच्यावरचे काम दुसरीकडे कसे उभे करायचे, हे सुकाणू तिच्या हाती. २०१९ साली तिचे आटोपशीर रूप निघाले, के३एस. हे लहानसहान यंत्रांवरही सुखाने नांदते.

मराठीच्या मास्तराला ही उठाठेव कशाला, असे आपण विचाराल. कारण आहे आमच्या महाविद्यालयाची ग्रंथसूची! एका ग्रंथपालबाईंनी वर्षानुवर्षे खपून ती केली, पण युनिकोडच्या आधीच्या फाँटात. दुसरीकडे उघडावी तर ‘ज्ञानेश्वरी’च्या जागी अगम्य चिन्हे! ती वाचणारा प्रोग्राम चालतो फक्त विंडोज ७ वर; त्याची देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजीच थांबवली. आणि तो संगणक तर घरघर लागलेला.

संगणक विभागातल्या आमच्या तरुण सहकाऱ्यांनी तीन छोटे संगणक जोडून के३एस मांडले. पण तेथे राहतात ते कंटेनर, म्हणजे चाळीतली बिऱ्हाडे. खोल्या निराळ्या, नळ एकच. यजमान संगणकाचा लिनक्स गाभा सारे मिळून वापरतात. आमच्या विंडोजला त्या नळाचे पाणी चालत नाही. तिला आपली चूल, आपला माठ हवा. असे सोवळे पाळणारे बिऱ्हाड म्हणजे आभासी यंत्र, संगणकाच्या पोटातला दुसरा संपूर्ण संगणक.

२०१७ साली खुल्या झालेल्या कुबव्हर्टने यावर तोड काढली. आभासी यंत्र चुलीसकट एका कंटेनरात बसवायचे! कर्णधाराला वाटते, आणखी एक भाडेकरू आला. विंडोजला वाटते, घर सगळे आपलेच. दोघेही खूष.

सोवळ्याला खर्च मात्र येतो. विंडोज ७ ला निदान १ जीबी स्मृती वेगळी काढून द्यावी लागते. शिवाय खरी मेख निराळीच आहे. के३एस मुळात सामानाची पेटी, म्हणजे डिस्क, एकाच संगणकावर ठेवते. तो संगणक गेला की पेटीही गेली. मग कर्णधार कितीही हुशार असो, दुसऱ्या खोलीत काय नेणार? म्हणून पेटीच्या प्रती इतर संगणकांवरही ठेवणारी लाँगहॉर्न ही साठवण जोडली. देखभाल थांबलेल्या विंडोजला बाहेरची बाधा होऊ नये, म्हणून इंटरनेटचे दार लावून घेतले.

सूची पुन्हा उघडली, ‘ज्ञानेश्वरी’ ज्ञानेश्वरीसारखी दिसली! पण ही सोय झाली, उपाय नव्हे. आता विद्यार्थी एकेक नोंद युनिकोडमध्ये उतरवीत आहेत. आपल्याही घरी आजोबांच्या आठवणी जुन्या फाँटात पडून असतील, तर या दिवाळीच्या सुटीत तेवढे काम हाती घ्या. म्हाताऱ्या माणसाला राहायला खोली दिली म्हणजे आपले काम संपत नाही. त्याच्या तोंडच्या गोष्टी वेळेवर उतरून घ्याव्या लागतात.