आधी विचारा, मग उघडा



२०१५ मध्ये ढाक्याच्या बांगलादेश बँकेत नोकरीसाठी अर्ज करणारे काही ईमेल आले. भाषा अदबीची, सोबत बायोडेटाची लिंक. काही कर्मचाऱ्यांनी ती उघडली आणि चोर बँकेच्या संगणकांत शिरले. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांनी बँकेच्या न्यूयॉर्कमधील खात्यातून ८.१ कोटी डॉलर फिलिपाइन्सला वळवले. श्रीलंकेकडे निघालेले आणखी २ कोटी वाचले, कारण ज्या संस्थेच्या नावे ते जात होते, तिच्या नावातील 'फाउंडेशन'चे स्पेलिंग चुकले होते.

आज अशा चुकांवर विसंबता येणार नाही. बनावट मेल आता शुद्ध इंग्रजीत, बंगालीत आणि मराठीतही येऊ शकतो. म्हणून भाषेपेक्षा पत्ता तपासा. नावावर बोट ठेवले की त्यामागचा ईमेल पत्ता दिसतो. बँकेची लिंक असेल तर शेवट पाहा: रिझर्व्ह बँकेने भारतीय बँकांच्या संकेतस्थळांसाठी 'डॉट बँक डॉट इन' हा शेवट ठरवून दिला आहे आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती.

पण ओळखीच्या माणसाचा मेलबॉक्सही चोरांच्या हाती जाऊ शकतो. उद्या आपल्या मंडळाच्या खजिनदारांच्या नावाने 'गणेशोत्सवाची वर्गणी या नव्या खात्यात आजच भरा' असा मेल आला, तर आधी त्यांना फोन करा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नको, तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर. वीज तोडण्याची धमकी, प्राप्तिकराचा परतावा, अडकलेली पेन्शन, प्रत्येक वेळी हेच करा. जिथे घाई केली जाते, तिथे थांबायचेच.

आपल्यातले अनेक ज्येष्ठ कोलकात्यात एकटे राहतात, मुले पुण्या-बंगळुरूला. फसवणूक झाली तर 'मुले काय म्हणतील' या संकोचाने ते गप्प बसतात आणि मोलाचा वेळ जातो. तसे करू नका. लगेच बँकेला कळवा आणि १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढे सरकण्याआधी खाते गोठवले गेले तर ते वाचू शकतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, पासवर्ड ग्राहकाच्या हातून गेला असला तरी बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसायचे असते.

मुलांनो, आई-वडिलांना रागावू नका. रागाची भीती नसेल, तरच ते वेळेवर सांगतील. आणि शंका आली तर कार्यकारिणीतल्या कोणालाही नि:संकोच फोन करा. मंडळ त्यासाठीच आहे.

— संपादक