कात्रणे वर्गात येऊ द्या

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिलला, डॉ. आंबेडकरांनी ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू केले. आपली बाजू आपणच छापायची म्हणून. अशा महाड तालुक्यातल्या मुलांना वर्तमानपत्र नुसते वाचायला देऊन भागणार नाही. याच तालुक्यातल्या तळिये गावावर २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळली, तेव्हाची कात्रणे वर्गात शेजारी शेजारी लावावीत. मृतांचा आकडा का बदलत गेला, तो कोणी दिला, मथळ्यातून काय सुटले, हे मुलांनीच शोधावे. माणसे गमावलेल्या घरांचा मान राखूनच. मग स्वतःचे भित्तिपत्रक काढावे: वरंध घाट सुरू आहे का, एसटी कुठवर जाते, दोघांना विचारून, तारखेसह. वरंधच्या शाळांनी पहिला अंक पावसाळ्याआधी भिंतीवर लावावा.